काचेखालचा झेंडू

वायपर शैलाने बिघडवला नव्हता. तो मी बिघडवला होता.

शैला माझी बायको, आणि वायपर आमच्या गाडीचा, काच पुसणारा. वस्तू एवढीशी. पण हे साधं वाक्य तोंडातून बाहेर काढायला मला अख्खा पावसाळा लागला. सकाळी लिहायला बसलो तेव्हा वाटलं, सुरुवात पावसाच्या वर्णनाने करावी, मग हळूहळू मुद्द्यावर यावं. मग लक्षात आलं की हीच माझी जुनी खोड. म्हणून आधी ते वाक्य लिहून टाकलं. आता पावसाचं बोलायला हरकत नाही.

पाऊस पुन्हा लागला आहे. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत पावसाचा आणि मागांचा आवाज एकमेकांत असा मिसळतो की बाहेरून आलेल्या माणसाला पाऊस थांबला तरी कळत नाही. शेजारच्या घरातले यंत्रमाग दिवसभर खटाखट चालतात, वर पत्र्यावर सरी. आम्हाला मात्र दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. दारातल्या शेडखाली गाडी उभी आहे. राखाडी, डाव्या दाराला पोचा आलेली, जुनी. तिच्या काचेवर वायपर फिरू लागले की ‘सप, सप’ असा आवाज येतो. बारीक आवाज, पण मला तो मागांच्या वरताण ऐकू येतो. गेल्या वर्षीचा पाऊस त्या आवाजाला चिकटून बसला आहे, आणि तो काही पुसला जात नाही.

त्या पावसाची मुळं त्याच्या आधीच्या खंडेनवमीत आहेत. आमच्या गल्लीत वर्षातून एकच दिवस शांतता ऐकू येते, तो हा, दसऱ्याच्या आदला, हत्यारं पुजायचा. माग बंद, त्यांना केळीचे खुंट बांधलेले, दाराशी कुंकू भरलेला कोहळा फोडलेला, सायकलीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडू. त्याच्या आदल्या वर्षी मी गाडीला दोऱ्याने हार बांधला होता आणि निपाणीच्या वाटेवर काकती गाव यायच्या आधीच तो वाऱ्याने उडून गेला होता. ते मनाला लागलं होतं. म्हणून या खेपेला बांधकामाची तार आणली. पक्कडीने पिळे देऊन हाराची दोन्ही टोकं वायपरच्या बुडाशी आवळत होतो, तेव्हा शैला रांगोळी काढता काढता म्हणाली, “अहो, दोऱ्यानं बांधा की. तार कशाला?”

“माझं बांधलेलं सुटत न्हाय,” मी म्हणालो.

खरंच सुटलं नाही. आमच्याकडे सणाचा हार हाताने काढत नाहीत. तो आपोआप वाळून झडायचा असतो. परतीच्या पावसात तो भिजला, कुजला, पुढे थंडीत वाळला. एक दिवस पाहिलं तर बॉनेटवर फक्त पिवळट डाग. फुलं कुठे गेली, तार कुठे गेली, मी विचारलं नाही. गेली असतील कुठे तरी.

ती कुठेही गेली नव्हती.

शैला गाडी शिकली ती चाळिशी ओलांडल्यावर. निपाणीला तिची आई, तिच्या थोरल्या भावाकडे असते. दर शनिवारी आईला भेटायचं तर बसच्या वेळा, गर्दी, रिक्षा. एक दिवस ती म्हणाली, “गाडी दारात धूळ खातीया आणि मी स्टँडवर उभी ऱ्हातीया. मला शिकवा.” कॅम्पातले रस्ते सकाळी मोकळे असतात, दुतर्फा मोठी झाडं, मधूनच धावत जाणारी जवानांची तुकडी. तिथे मी तिला शिकवलं. शिकवलं म्हणजे शेजारी बसून ओरडलो. क्लच सोड, आरसा बघ, अगं ब्रेक. एकदा तिने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाली, “ओरडू नका. मला दिसतंय.” पहिल्याच परीक्षेत तिला लायसन मिळालं. पुढे माझ्यापेक्षा बरी चालवायला लागली. हे मी आता लिहितो आहे, तेव्हा बोललो नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सुरू झाला आणि ती म्हणाली, “अहो, वायपर कण्हतोय.”

“पावसाळ्यात माणसंही कण्हत्यात,” मी म्हणालो आणि वर्तमानपत्र उलटलं.

आषाढातला शनिवार. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बेळगावात झालं होतं आणि काही दिवस आमच्याकडे राहून त्या निपाणीला परत निघाल्या होत्या. मला मच्छ्याला कारखान्यात जायचं होतं, शैला त्यांना घेऊन निघाली. हत्तरगी, संकेश्वर नीट पार पडलं. तवंदी घाटात धुकं आणि पाऊस दोन्ही एकदम अंगावर आले. वायपर निम्म्या काचेपर्यंत गेला आणि तिथेच पडून राहिला. मोटार आतून घुर्र घुर्र करत होती, बाहेर काही हलत नव्हतं. समोर पांढरं, मागे ट्रकचे दिवे, उताराचा रस्ता.

तिने दोन्हीकडचे दिवे लुकलुकते ठेवले, खिडकीची काच खाली केली, मान बाहेर काढली आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून गाडी रांगत रांगत एका चहाच्या टपरीपाशी नेली. मागच्या सीटवरून सासूबाई, डोळ्याला काळा चष्मा, कानाला जरा कमी ऐकू येणाऱ्या, विचारत होत्या, “आलं व्हय गं घर?”

“न्हाय आलं. आई, तुझी चंची दे बघू.”

“आता तंबाखू खातीस?”

“दे तर.”

शैला निपाणीची. तंबाखूच्या वखारीत वाढलेली. वडिलांच्या वखारीत माल न्यायला येणारे ट्रक ड्रायव्हर वायपर मोडला की काय करतात, हे तिने लहानपणी पाहिलेलं. ओल्या काचेवर तंबाखू घासायची. मग पाण्याचे थेंब धरत नाहीत, पाणी एकसारखं ओघळून जातं आणि पलीकडचं दिसतं. ती पावसात उभी राहिली, आईची अख्खी चंची काचेवर घासून संपवली, आणि हळूहळू घाट उतरून आईला घेऊन घरी पोचली.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी बसने निपाणीला गेलो. वखारीच्या अंगणात शैलाचे थोरले बंधू, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, हमालांना जमवून तीच गोष्ट सांगत होते. सासूबाई बाजूला बसून तक्रार करत होत्या, “माझी चंची मोकळी केली हिनं. ऑपरेशन झालेल्या माणसानं चघळायचं काय?” वहिनी हसून हसून बेजार. अण्णा मला बघून म्हणाले, “या पाव्हणं. ऐकलं न्हवं? वाघीण हाय आमची शैली!”

मी हसायला हवं होतं. निदान ‘व्हय’ म्हणायला हवं होतं. रात्रभर मला भीती वाटत होती, आणि तीच रागाच्या रूपाने बाहेर आली, असं मी नंतर कितीदा स्वतःला समजावलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. अख्खं अंगण गाडीच्या बाबतीत तिचं कौतुक करत होतं आणि ते मला टोचलं. बस्स, एवढंच. मी म्हणालो, आणि चांगला आवाज चढवून म्हणालो, “वाघीण कसली? कोरड्या काचेवर वायपर लावती. बटन पिळत बसती मिक्सरसारखं. बायकांच्या हातात गाडी दिली की हेच. आज वायपर मोडला, उद्या इंजिन मोडंल.”

एक हमाल उगाच पोती मोजायला लागला. सासूबाईंना एरवी दोनदा सांगावं लागतं. ते वाक्य मात्र त्यांना एका खेपेत ऐकू गेलं. त्यांनी काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे तोंड वळवलं आणि परत जमिनीकडे नेलं.

शैलाने पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या शेजारी कट्ट्यावर ठेवली.

“ही घ्या. तुमची गाडी, तुम्हीच चालवा.”

मच्छ्याच्या कारखान्यात माझं काम तपासणीचं. तयार झालेले भाग मोजायचे, चुकलेला बाजूला काढायचा. तिथे एक रीत आहे आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला ती मीच शिकवतो. भाग चुकला म्हणून मशीनवरच्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. आधी भाग हातात घ्या, मोजा, कारण शोधा, मग बोला. आणि नापास झालेला भाग फेकून द्यायचा नाही. त्याला लाल रंग लावून कपाटात ठेवायचा, कारण उद्या तोच साक्षीला उभा राहतो. इतकी वर्षं मी या रितीवर पगार घेतला. आणि घरच्या माणसाला मात्र झाकण न उघडता, काही न मोजता, चारचौघांत नापास करून टाकलं.

पाऊस उघडल्यावर गाडी हळूच बेळगावला आणली आणि शोरूमला नेली. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरकडे पाहत सांगितलं, “लूज सिगांगिल्ल सर. सेट तगोबेकु.” सुटा भाग मिळत नाही, पूर्ण सेटच घ्यावा लागेल. मोटार, दांडे, खुंट्या, सगळं. मी विचारलं, मोटार तर फिरते आहे, ती कशाला बदलायची? तो म्हणाला, तशी पद्धत आहे. सेटची किंमत ऐकल्यावर मी गाडीकडे पाहिलं. तिला विकायला काढली असती तर फार जास्त आलं नसतं. गल्लीतल्या एकाने तोही सल्ला दिला, “भंगारात घाला की साहेब, कशाला मढ्याला कुंकू लावताय?”

मी नाही म्हणालो. हा माझ्या स्वभावातला खिळा आहे. चांगली मोटार कचऱ्यात टाकायची, कारण तिच्या जोडीचा सुपारीएवढा भाग कुणी सुटा विकत नाही? कुणी ठरवलं हे? एक भाग मोडला तर तोच दुरुस्त व्हायला हवा. वापरणाऱ्याला झाकण उघडता येऊ नये, उघडलं तर कळू नये, कळलं तर भाग मिळू नये, अशी सगळी रचना. आणि आपण माना डोलवायच्या. मी नाही डोलवणार. दुरुस्ती ही मला कायम एक प्रकारची बंडखोरी वाटत आली आहे. पाना हातात घेऊन, गुडघ्यांवर बसून केलेली.

पुढच्या रविवारी शेडखाली पोतं अंथरलं. वर पत्र्यावर पाऊस कोसळत होता. आधी दोन्ही पाती काचेवर कुठे टेकतात तिथे चिकटपट्टी लावून खुणा केल्या, म्हणजे बसवताना जागा चुकायला नको. बुडाच्या टोप्या उचकटल्या, नट सोडले. पात्यांचे दांडे खुंट्यांवर गंजून बसले होते. रॉकेल सोडलं, थांबलो, हलवलं, पुन्हा सोडलं. जबरदस्ती केली असती तर काच गेली असती. शेवटी एक ‘कट’ आवाज झाला आणि दांडा हातात आला. मग काचेखालची काळी प्लास्टिकची जाळी. तिच्या खिट्ट्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने एकेक उचलल्या आणि जाळी वर घेतली.

खाली पन्हळ असते. काचेवरून आलेलं पाणी तिच्यात पडतं आणि दोन कडेच्या भोकांतून खाली निघून जातं. निघून जायला हवं. माझ्या समोर तळं साचलं होतं. चहासारखं तांबूस पाणी, आणि त्यात काळ्या लगद्यासारखं काहीतरी. बोटं घातली. मऊ लागलं. हातावर घेतलं, नाकाशी नेलं, आणि कुजलेल्या चिखलाच्या वासाखालून एक ओळखीचा, उग्र, सणाचा वास आला.

झेंडू.

भोकं झेंडूने बुजली होती. पाणी महिनोन् महिने साचून खुंट्या गंजल्या होत्या, म्हणून वायपर कण्हत होता. आणि हाराची तार जाळीच्या फटीतून आत घसरून मोटारीच्या दांड्याला अडकली होती. तिचे पिळे माझ्या हातचे. दांड्याच्या टोकाला एक प्लास्टिकची वाटी असते, ती लोखंडी गोळीवर बसते आणि दांड्याला फिरवते. दर फेऱ्याला तार त्या वाटीची कड खरवडत होती. खरवडून खरवडून शेवटी तवंदीच्या घाटात वाटी फुटली आणि दांडा सुटला.

मी बांधलेलं सुटलं नव्हतं. त्याने दुसरं सोडवलं होतं.

मी तार उलगडून हातात घेतली तेवढ्यात शैला चहा घेऊन बाहेर आली. कप बॉनेटच्या कडेला ठेवून तिने विचारलं, “काय सापडलं?”

मी मूठ मिटली. तारेचं टोक तळव्यात घुसलं.

“काय न्हाय. गंज धरलाय.”

ती आत गेली. सोन्यासारखी संधी होती. पाऊस होता, चहा होता, पुरावा हातात होता, आणि समोर तीच होती. मी मूठ मिटली. मागे जे अंगणात बोललो ती चूक होती. माणूस रागात चुकतो. ही मात्र चूक नव्हती. हे मी समजून उमजून केलं.

तार फेकली नाही, एवढं एक. हात सवयीने चालला असावा. चिंधीत गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवली.

मग दोन-तीन दिवस मी त्या वाटीच्या मागे लागलो. बाजारात नव्हतीच. कारखान्यात नायलॉनच्या दांड्याचा एक उरलेला तुकडा मागून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत लेथवर उभा राहिलो. तरुणपणी मी टर्नरच होतो. हाताला अजून आठवण होती. पहिली वाटी सैल झाली. ती मी स्वतःच नापास केली. दुसरी घट्ट बसेलशी झाली, इतकी घट्ट की गोळीवर चढेना. नायलॉन उकळत्या पाण्यात घातलं की जरा नरम पडतं, म्हणून घरी येऊन समोर दिसलं त्या पातेल्यात पाणी ठेवलं.

“चहाचं पातेलं हाय ते,” शैला दारातून म्हणाली.

“धुतो नंतर.”

“गाडीला चहा पाजताय व्हय?”

त्या पावसाळ्यात तिने माझ्याशी केलेली ती एकुलती एक थट्टा होती. मला इतकं बरं वाटलं की वाटी चिमट्याने काढताना बोट भाजलं तेही कळलं नाही. गरम असतानाच दाबली. ‘टक्’ करून गोळीवर बसली. खुंट्या घासून तेल-ग्रीस दिलं, पन्हळीची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी केली, तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागे पडतंय ना पाहिलं. उत्साहात एक घाई केली: मोटार एकदा फिरवून तिच्या मूळ जागी थांबू द्यायची आणि मगच पाती बसवायची, ते विसरलो. बटन दाबलं तर डावं पातं काच सोडून बाहेर गेलं आणि शेडच्या खांबाला फाडकन आपटलं. पुन्हा काढलं, मोटार थांबू दिली, खुणेवर बसवलं. या वेळी दोन्ही पाती शहाण्या भावंडांसारखी उठली, वाकली, परत आली. शोरूमच्या सेटच्या मानाने खर्च म्हणाल तर रॉकेल, ग्रीस आणि एक भाजलेलं बोट.

मी हाक मारली. “शैला, ये, बघ तर.”

तिने पाहिलं. “चांगलं झालं,” म्हणाली.

“शनिवारी जा मग गाडीनं.”

“नको. बसचा वायपर चालतोय.”

आणि ती गेली बसनेच. आषाढ, श्रावण, भाद्रपद. दर शनिवारी छत्री घेऊन, पिशवीत आईची औषधं आणि चंचीसाठी तंबाखू घेऊन ती निघायची. मी म्हणायचो सोडतो, ती म्हणायची नको. संध्याकाळी पदर भिजलेला, पायांवर चिखल. तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. हट्ट माझ्याकडे आहे असं मी समजत होतो. माझा हट्ट शोरूमवाल्यापुढे चालणारा, कुणाला काही द्यावं न लागणारा. तिचा हट्ट दर आठवड्याला पावसात भिजत होता.

मी मात्र मिरवत होतो. कारखान्यात, गल्लीत, फोनवर अण्णांना, सगळ्यांना मी वायपरची गोष्ट सांगितली. सेट कसा नाकारला, वाटी कशी कातली, पातेलं, खांब, सगळं रंगवून. लोक म्हणायचे, “मानलं तुम्हाला.” कुणी विचारलं, बिघडला कशाने, तर मी म्हणायचो, “जुनी गाडी. पाणी साचलं.” झेंडूपाशी आलो की गोष्ट वळसा घालून पुढे जायची. वायपर दुरुस्त झाला होता, आणि बिघाड होता तिथेच होता. मी दोन कडेची भोकं मोकळी केली होती. साचलेलं दुसरीकडेच होतं.

असं वाटायचं की एकदा स्वयंपाकघरात, दोघंच असताना, सांगून टाकावं. एकदा तर भाजी निवडताना तिच्या समोर जाऊन बसलोही. पण शब्द ओठांशी आले आणि लक्षात आलं की हीसुद्धा चलाखीच आहे. आरोप अंगणात आणि कबुली भाजीच्या टोपलीपाशी? नापास चारचौघांत करायचं आणि पास कुणी ऐकणार नाही असं करायचं? नाही. जिथे बोललो तिथेच बोलायला हवं. हे कळलं, आणि म्हणूनच आणखी लांबलं, कारण तिथे बोलायला छाती लागत होती.

मग खंडेनवमी आली. अण्णांनी सगळ्यांना वखारीत बोलावलं. गाडी मी चालवत होतो. शैला डाव्या बाजूला बसून बाहेर बघत होती. तवंदीचा घाट आला, ती टपरी आली. दोघांनीही पाहिली.

अण्णांच्या वखारीत एक पद्धत आहे. मोठ्या काट्यापुढे पाट मांडतात आणि घरातला, कामावरचा प्रत्येक जण ज्याच्यावर त्याचं काम चालतं ती वस्तू आणून त्यावर ठेवतो. हमालांचे पोती उचलायचे आकडे, वहिनींची विळी, अण्णांची जुनी वजनं. मी पाने आणि पक्कड ठेवतो. गाडी शिकल्यापासून शैला गाडीची किल्ली ठेवायची, आणि सासूबाई मुद्दाम त्या किल्लीला जरा जास्तच कुंकू लावायच्या.

सगळ्यांचं ठेवून झालं. अण्णांनी विचारलं, “शैली, तुझं काय?”

“माझं काय न्हाय,” ती म्हणाली. साध्या आवाजात. मीठ संपलंय म्हणावं, तशा आवाजात.

मी पेटी उघडली. तळातली चिंधी काढली, तार सोडवली. खिशातली किल्ली आणि ती गंजकी तार शेजारी शेजारी पाटावर ठेवली.

“हे काय पाव्हणं?” अण्णा म्हणाले. “गंजकी तार पूजेत ठेवत्यात व्हय?”

“किल्ली हिची हाय,” मी म्हणालो. “तार माझी.”

आणि सांगितलं. हार, पिळे, झेंडू, फुटलेली वाटी. चहा घेऊन आली तेव्हा मूठ मिटली तेही सांगितलं. हमाल पोत्यांना टेकून ऐकत होते. त्या दिवशी पोती मोजायला लागलेला त्यांच्यातच होता. वहिनी म्हणाल्या, “जाऊ दे दाजी, झालं ते झालं.” अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, “सणासुदीला कशाला हे? नवरा-बायकोतलं घरात मिटवायचं असतंय.”

कदाचित त्यांना मला सोडवायचं होतं. मला सुटायचं नव्हतं.

“न्हाय अण्णा. घरात बोललो नव्हतो मी. हितं बोललो होतो. हितंच मिटवणार.”

मग शैलाकडे वळलो आणि म्हणालो, “माझं चुकलं.”

ती पुढे आली. वाकून पाटावरची किल्ली उचलली. मी बोलत होतो तेवढ्यात सासूबाईंनी नेहमीप्रमाणे त्या किल्लीला कुंकू लावलं होतं. शैलाची बोटं लाल झाली. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण मान ताठ होती, घाटात खिडकीबाहेर काढली असेल तशी.

“मोठ्यानं बोला,” ती म्हणाली. “आईला ऐकू आलं न्हाय.”

माग थांबलेल्या दिवशी जशी आमची गल्ली होते, तशी वखार झाली. मी सासूबाईंकडे तोंड केलं आणि त्या रविवारी जेवढा आवाज चढवला होता तेवढाच चढवून, शब्द शब्द सुटा करत म्हणालो:

“आत्ती, वायपर शैलानं न्हाय मोडला. मी मोडला. पावसात घाट उतरून तुम्हाला तिनं सुखरूप घरी आणलं, आणि मी सगळ्यांच्या देखत तिला नावं ठेवली. कारण कळल्यावरबी गप्प बसलो. शैला, माझं चुकलं. मला माफ कर.”